जुन्या सायकलीला बारा गिअर लावावेत का?

डोंबिवलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. १९९५ साली घेतलेली त्यांची क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाची माउंटन बाइक गेली काही वर्षे बाल्कनीत ताडपत्रीखाली उभी आहे. पुढे तीन आणि मागे सात असे एकवीस गिअर, रिमवर रबर दाबणारे कँटिलिव्हर ब्रेक आणि स्प्रिंग नसलेला सरळ पोलादी फोर्क (पुढचे चाक धरणारा दोन पायांचा भाग), असे तिचे वर्णन त्यांनी दिले आहे. मुलगा म्हणतो, हिला पुढे एकच चेनरिंग (पायडलजवळचे दातेरी चक्र), मागे बारा गिअर आणि डिस्क ब्रेक लावा, नाहीतर भंगारात द्या. वडिलांना यांतले काहीच पटत नाही. पण हल्लीचे सामान खरोखर चांगले आहे की आपणच आठवणींत अडकलो आहोत, हे त्यांना एखाद्या कारागिराकडून ऐकायचे आहे.

मी १९९२ पासून मुंबईत सायकली दुरुस्त करतो. उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून. बारा गिअर लावू नका, डिस्क ब्रेक तर मुळीच लावू नका, आणि भंगारातही देऊ नका. नवे सामान बहुतेक बाबतींत जुन्यापेक्षा चांगले चालते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो; पण ते नव्या सायकलीवर चांगले चालते. चिरंजीवांचे निदान बरोबर आहे, औषध चुकले आहे.

आधी आठवणींचे पाहू, कारण तिथे माझी स्वतःचीच फसगत झाली होती. १९९१ च्या सुमारास गिरगावातल्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, बोटीवर नोकरी करणाऱ्या एका शेजाऱ्यांनी सिंगापूरहून माउंटन बाइक आणली. तोवर आम्ही पाहिलेल्या सायकली म्हणजे दांडीची काळी सायकल, नाहीतर जाड टायर आणि सरळ हँडल लावून ‘एमटीबी’ या नावाने विकली जाणारी बिनगिअरची जड देशी सायकल. या परदेशी सायकलीचे गिअर हँडलच्या वर अंगठ्याने ढकलायचे असत आणि प्रत्येक वेळी ‘टक्’ असा स्वच्छ आवाज येई; गॅलरीत नुसते मागचे चाक उचलून तो आवाज ऐकण्यासाठी आम्ही पोरे रांग लावत असू. पुढे एका रविवारी ती मला मिळाली आणि मी खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढलो. मुंबई-पुणे शर्यतीत जिथे ‘घाटाचा राजा’ ठरतो, तो हाच चढ. त्या दिवशी मला कोणी राजा म्हटले नाही, परंतु सर्वांत लहान गिअरवर बसल्या बसल्या घाट चढता येतो हा शोध मला पुढची तीस वर्षे पुरला.

उतरताना काय झाले ते मात्र मी सोयीस्करपणे विसरलो होतो. बऱ्याच वर्षांनी त्याच काळातली एक सायकल मनापासून नीट करून मी येऊरच्या कच्च्या वाटेने खाली आणली, तेव्हा ते सगळे बोटांना एकदम आठवले. ब्रेक दाबून दाबून तळहात वळले होते, दर खड्ड्याला मागचे चाक उचलत होते आणि आपण हँडलवरून पुढे जाणार ही भीती क्षणभरही सुटत नव्हती. यात माझ्या वयाचा दोष थोडा आणि सायकलीच्या मापांचा जास्त. त्या काळच्या माउंटन बाइकची पुढची नळी जमिनीशी सुमारे ७१ अंशांचा कोन करी, हँडलचा स्टेम (हँडल पुढे धरणारी दांडी) १३० मिलिमीटरपर्यंत लांब असे आणि हँडल जेमतेम ५६० ते ५८० मिलिमीटर रुंद. मूळची रेसर सायकलची बैठक जाड टायरांवर आणून ठेवलेली होती. आज डोंगरवाटेच्या सायकलींत तो कोन ६५ ते ६७ अंशांवर आला आहे, स्टेम ५० मिलिमीटर किंवा त्याहून आखूड झाला आहे आणि हँडल ७६० च्या पुढे गेले आहे. पुढचे चाक शरीराच्या बरेच पुढे राहते, म्हणून उतारावर माणूस दोन चाकांच्या मध्ये बसल्यासारखा बसतो. गेल्या तीस वर्षांतली सर्वांत मोठी सुधारणा कोणती असे मला विचारले, तर ती कोणत्याही सुट्या भागात नसून या मापांत आहे आणि म्हणूनच ती जुन्या सायकलीला विकत घेऊन लावता येत नाही. (इतके रुंद हँडल मुंबईत दोन रिक्षांमधून काढायचे असेल तर ते ७०० पर्यंत कापून घ्यावे, हे जाता जाता सांगतो. सोसायटीच्या लिफ्टलाही तेच बरे.)

मग जुन्या सायकलीत होते तरी काय? माझ्या मते ती उघडता येत होती. माउंटन बाइकचे घराणेच असे आहे. कॅलिफोर्नियात माउंट टमालपाइसच्या परिसरात काही तरुण १९३०-४० च्या दशकांतल्या जुन्या जड सायकली उतारावरून पळवत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. त्या सायकलींच्या मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यात, पायडल उलटे दाबून लागणारा ब्रेक असे. खाली पोचेपर्यंत तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर होई, आणि प्रत्येक उतारानंतर हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागे. त्या भरण्याला इंग्रजीत ‘रीपॅक’ म्हणतात. शर्यतीचे आणि त्या उताराचे नावही तेच पडले. पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी अशा उतारांसाठी खास फ्रेम बांधली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टंपजंपर’ कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडली. ज्या खेळाची पहिली प्रसिद्ध शर्यत दुरुस्तीच्या कामावरून ओळखली जाते, त्या खेळाची सायकल दुकानात नेल्याशिवाय उघडू नये अशी आज व्हावी, याची मला गंमतही वाटते आणि थोडा रागही येतो.

‘उघडता येणे’ म्हणजे काय, हे मला पुस्तकातून नव्हे, पाण्यातून कळले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा माझे दुकान सायनला तळमजल्यावर होते. चौदा सायकली दीड दिवस गढूळ पाण्यात होत्या. पाणी ओसरल्यावर मी एकेक उघडायला घेतली. जुन्या सायकलींचे हब, बॉटम ब्रॅकेट (पायडलचा आस फिरतो तो भाग) आणि हेडसेट (हँडल फिरते तिथले बेअरिंग) हे सगळे कोन (निमुळता नट), वाटी आणि सुटे छर्रे अशा पद्धतीचे होते. केरोसीनमध्ये धुतले, गंजलेले छर्रे बदलले, ग्रीस भरले, कोन हलक्या हाताने कसले, आणि आठवड्याभरात नऊ सायकली रस्त्यावर आल्या. आमच्याकडे या कामाला गिऱ्हाईक ‘ओव्हरऑइल’ म्हणते. मूळ शब्द ओव्हरहॉल आहे हे मला ठाऊक आहे, पण ‘ओव्हरऑइल’ अधिक खरा वाटतो. उरलेल्या पाच सायकलींत सीलबंद कार्ट्रिज बेअरिंग होती. ती खरखरत होती आणि उघडून धुण्यासारखी नव्हती. मी त्या वेळी भरपूर शिव्या घातल्या आणि ‘जुने ते सोने’ हे गिऱ्हाइकांना ऐकवूनही घेतले.

तो माझा निष्कर्ष अर्धाच बरोबर होता. पुढच्याच आठवड्यात एका जाणत्या फिटरने मला बेअरिंगच्या कडेवर कोरलेला आकडा दाखवला. ६९०२ म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा २८ आणि जाडी ७ मिलिमीटर, मग ते कोणत्याही कंपनीचे असो. मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर, जिथे गिरणी-कारखान्यांचे सामान मिळते, तिथे असली बेअरिंग आकडा सांगून मिळतात. सायकलवाल्याकडे जावेच लागत नाही. उलट जुन्या हबची वाटी एकदा खड्डे पडून खराब झाली की ती हबच्या अंगाचीच असल्यामुळे अख्खा हब टाकून द्यावा लागतो. तेव्हापासून मी नव्या-जुन्याचा निवाडा करणे सोडले आणि प्रत्येक भागाला दोनच प्रश्न विचारू लागलो. हा मुंबईच्या पावसाळ्यातून निघेल का, आणि नाही निघाला तर मला तो उघडता किंवा मापाने बदलता येईल का? पुढे जी मते देतो ती याच दोन प्रश्नांवर बेतलेली आहेत.

गिअरचे घ्या. आपल्या सायकलीला पुढे ४२-३२-२२ दात्यांची चेनरिंगे आणि मागे ११ ते २८ दाते असावेत, असे धरून हिशेब करतो, कारण त्या वर्षांत ही जोडणी सर्रास असे. सर्वांत जड गिअर ४२ भागिले ११, म्हणजे पायडलच्या एका फेरीला चाकाच्या ३.८२ फेऱ्या; सर्वांत हलका २२ भागिले २८, म्हणजे ०.७९. आवाका, म्हणजे पहिला आकडा दुसऱ्याच्या किती, ४८६ टक्के. मुलाला हव्या असलेल्या बारा गिअरच्या जोडणीत पुढे ३२ आणि मागे १० ते ५१ दाते धरले, तर तेच आकडे ३.२ आणि ०.६३, आणि आवाका ५१० टक्के. म्हणजे एकवीस आणि बारा यांचा आवाका जवळजवळ सारखाच आहे. एकविसांतले बरेच गिअर एकमेकांची पुनरावृत्ती असत. नवी जोडणी चढाला वीस टक्के हलकी पडते आणि सपाटीवर थोडी कमी पडते. २६ इंची चाकावर मिनिटाला पायडलच्या ९० फेऱ्या मारल्या तर ती ताशी ३५ किलोमीटरला संपते. पूर्व द्रुतगती मार्गावर त्याहून वेगाने आपण जाऊ, असे मला वाटत नाही.

नव्या पद्धतीचा खरा फायदा गिअरच्या संख्येत नाही. पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) जातो, त्याबरोबर चिखल अडकण्याची एक जागा जाते. चेनरिंगचे दाते आलटून पालटून जाड-बारीक असल्यामुळे आणि मागच्या डिरेलरमध्ये क्लच (चेन ताणून धरणारी रचना) असल्यामुळे चेन खडबडीत वाटेवर फडफडत नाही आणि पडत नाही. सुटे भाग बनवणाऱ्या शिमानोने २०११ च्या सुमारास हा क्लच आणला, तिची स्पर्धक स्रॅमने २०१२ मध्ये एका चेनरिंगची अकरा गिअरची जोडणी विकायला सुरुवात केली, आणि त्यानंतर पुढे तीन चेनरिंगे असलेली माउंटन बाइक डोंगरावर दिसेनाशी झाली. क्लच ही मला गेल्या पंधरा वर्षांतली सर्वांत प्रामाणिक सुधारणा वाटते; शिमानोच्या बऱ्याच डिरेलरमध्ये तो उघडून ग्रीसही भरता येते. बारा गिअरची चेन मात्र अरुंद असते आणि सरळ रेषेचे माप थोडेसे चुकले तरी कुरकुरते. पावसाळ्यात लोकलच्या लगेज डब्यात एकदा कोणाची पेटी डिरेलरवर टेकली, की हँगर, म्हणजे डिरेलर जिथे टांगलेला असतो तो फ्रेमचा कान, केसभर वाकतो. सात गिअरला ते कळतही नाही. बारा गिअरला दिवसभर कळत राहते.

आता आपल्याच सायकलीवर हे का बसवू नये ते सांगतो. सात गिअरच्या मागच्या हबवरचा जो खाचांचा भाग, ज्याला फ्रीहब बॉडी म्हणतात, तो पुढच्या काळातल्या बॉडीपेक्षा आखूड असतो. त्यामुळे आठपासून बारापर्यंतची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) तिच्यावर बसतच नाही. आपल्या हबला चालेल अशी लांब बॉडी आज शोधत बसण्यापेक्षा मागचे चाक नवे बनवणेच सोपे. मग कॅसेट, चेन, डिरेलर, शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा भाग) आणि क्रँक (पायडलचा दांडा). इतके झाल्यावर जुनी उरते फक्त फ्रेम, आणि तीही ७१ अंशांची. खर्च नव्या सायकलीच्या दिशेने जातो आणि चाल जुनीच राहते.

त्याऐवजी आपले शिफ्टर तपासा. १९९५ ची सायकल असल्यामुळे ते बहुधा हँडलच्या खाली बोटांनी दाबायचे रॅपिडफायर असतील. बाल्कनीत राहिलेल्या शंभरातल्या नव्वद सायकलींचे हे शिफ्टर ‘मेलेले’ म्हणून माझ्याकडे येतात. शिफ्टर दाबला की तो नुसता पोकळ जातो. ते मेलेले नसतात. आतले कारखान्याचे ग्रीस सुकून डिंकासारखे झालेले असते, म्हणून कुत्रे, म्हणजे दात्यात अडकणारा छोटा खटका, आपल्या जागी परत येत नाही. वरचे झाकण काढून आत पातळ क्लीनर भरपूर फवारा, शिफ्टर पन्नास-शंभर वेळा दाबा, काळे पाणी निघून गेले की हलके तेल सोडा. दहातले आठ तरी जिवंत होतात. हे लिहून मी स्वतःचेच गिऱ्हाईक कमी करतो आहे, पण चालू शिफ्टर कचऱ्यात गेलेला मला पाहवत नाही.

ब्रेकवर थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे प्रश्न जिवाचा आहे. कँटिलिव्हर ब्रेकविषयी मला कसलीही हळहळ नाही. मुख्य केबल तुटली तर ब्रेकच्या दोन्ही हातांना जोडणारी आडवी तार खाली पडते, खडबडीत टायरच्या गुठळ्यांत अडकते आणि पुढचे चाक जागच्या जागी जाम होऊ शकते. पुढच्या ब्रेकवर रिफ्लेक्टरची पट्टी असे ती केवळ शोभेसाठी नव्हती, ती तार झेलण्यासाठीही होती. आपल्याकडे ती पट्टी काढून टाकण्याची फॅशन होती. १९९६ मध्ये शिमानोचे व्ही-ब्रेक आले; त्यांत ती वेगळी आडवी तार नसते, म्हणून हा धोका संपला. व्ही-ब्रेक कँटिलिव्हरच्याच खुंट्यांवर बसतात, म्हणून आपल्या सायकलीवरचा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल आहे. मात्र लिव्हरही व्ही-ब्रेकचेच घ्या. जुने लिव्हर केबल कमी ओढते, त्यामुळे रबर रिमला नीट टेकण्यापूर्वीच लिव्हर हँडलला भिडते. दुकानदार ‘चालतं हो’ म्हणाला तरी ऐकू नका.

पावसात डिस्क ब्रेक रिम ब्रेकपेक्षा श्रेष्ठ आहेत, यात वादच नाही. जूनमध्ये आरेच्या रस्त्यावरून आलेल्या सायकलीच्या रिमवर जो काळा राप दिसतो, तो रबर आणि चिखल यांच्याबरोबर झिजलेल्या रिमचाही असतो. परंतु आपल्या फ्रेमवर आणि फोर्कवर कॅलिपर (डिस्क आवळणारा चिमटा) धरायची जागाच नाही. पट्टी आवळून डिस्क बसवणारे जोड बाजारात मिळतात. पण ते लावले की रिम ब्रेकसाठी बनवलेल्या फोर्कच्या डाव्या पायावर खालच्या टोकाला ब्रेकचा सगळा जोर येतो, आणि त्या पायाची घडण त्यासाठी झालेली नसते. असा जोड मी आजवर कोणालाही बसवून दिलेला नाही. नवी सायकल घ्याल तेव्हा हायड्रॉलिक डिस्क जरूर घ्या, पण आत कोणते तेल आहे ते विचारून घ्या. काही ब्रेकमध्ये मोटारीसारखे डॉट फ्लुइड असते आणि ते हवेतली आर्द्रता शोषून घेते. मुंबईच्या हवेत तिची कमतरता नाही, म्हणून ते वर्षाला बदलावे. शिमानो वापरते ते मिनरल ऑइल पाणी शोषत नाही आणि चुकून सांडले तर रंगही खात नाही. आमच्या हवेला मी मिनरल ऑइल पसंत करतो.

सस्पेन्शनवर फार लिहीत नाही. चांगला एअर फोर्क डोंगरात अप्रतिम, पण त्याचे खालचे पाय दर पन्नास तासांनी उघडून तेल बदलावे, असे काही बनवणारेच सांगतात. ते करणारे गिऱ्हाईक मला वर्षाला दोन-तीन भेटते. स्वस्त सायकलीवरचा स्प्रिंगचा फोर्क हे निव्वळ ओझे आहे, आणि आपला पोलादी फोर्क त्याहून कितीतरी बरा. नव्वदच्या दशकातल्या ज्या फोर्कमध्ये रबरासारखे इलॅस्टोमर असत, त्यांचा आज आत लगदा झालेला असतो. तसा फोर्क आपल्याकडे नाही, हे आपले नशीब.

जुन्या काळातही खुळे कमी नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला मागचा ब्रेक चेनस्टेच्या (पायडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या) खाली, म्हणजे चिखल नेमका साठेल अशा जागी, बसवण्याची टूम निघाली आणि दोन-तीन वर्षांत विरली. १९८३ मध्ये शिमानोने लंबगोल चेनरिंग काढले, तेही मागे पडले. आता लंबगोल चेनरिंगे पुन्हा आली आहेत, फक्त लांब बाजू उलट्या जागी ठेवून. चाकांच्या ‘नव्या’ मापांचेही तसेच आहे. २९ इंची म्हणून जे विकतात, त्याच्या रिमचे माप रेसर सायकलीचेच, ६२२ मिलिमीटर. आणि साडेसत्तावीस इंची म्हणजे दूरच्या प्रवासाच्या सायकलींना पूर्वी लावत ते फ्रेंच ६५०-बी, ५८४ मिलिमीटर. आपल्या २६ इंची चाकाचे माप ५५९ आहे. परदेशात ते मागे पडले. आपल्याकडे मात्र स्वस्त सायकलींमुळे त्याच्या ट्यूब-टायरांना अजून गिऱ्हाईक आहे. फक्त घेताना टायरवर २६ x १.९५ असे दशांशात लिहिलेले पाहा. २६ x १ ३/८ असे अपूर्णांकात लिहिलेले टायर निराळ्या मापाचे असते आणि आपल्या रिमवर बसत नाही.

हल्लीच्या एका गोष्टीवर मात्र माझा मनापासून आक्षेप आहे. ब्रेकचे पाइप आणि केबल हेडसेटच्या वरच्या बेअरिंगमधून फ्रेमच्या आत नेण्याची पद्धत. दिसते सुबक. पण पावसाळ्यात पाणी त्याच वाटेने उतरते, वरचे बेअरिंग ऑक्टोबरपर्यंत गंजते, आणि साधे बेअरिंग बदलायला ब्रेकचा पाइप तोडून, पुन्हा जोडून, हवा काढावी लागते. माझ्या दोन्ही प्रश्नांत ती नापास होते. याउलट २०१९ मध्ये स्रॅमने काढलेला एकाच मापाचा डिरेलर हँगर दोन्हींत पास होतो. पूर्वी प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असे आणि तो शोधण्यात आठवडे जात. आता अनेक कंपन्या तोच एक वापरतात. बॉटम ब्रॅकेटच्या बाबतीतही दाबून बसवलेल्या, कुरकुरणाऱ्या प्रकारांकडून बरेच कारखाने आट्यांकडे परतत आहेत. आपल्या सायकलीत ते आटे पहिल्यापासून आहेत.

तेव्हा आपल्या सायकलीचे काम असे करावे. व्ही-ब्रेक आणि त्यांचे लिव्हर, नव्या केबल आणि आऊटर (केबलवरची नळी), दोन टायर, सात गिअरची साधी चेन आणि कॅसेट, सर्व बेअरिंगांचे ओव्हरऑइल, आणि चाकांचा आऊट (वाकडेपणा) काढून घेणे. स्टेम आखूड करावासा वाटला तर जरूर करा. बाकी काही बदलू नका. मुलाला खरोखर डोंगरावर जायचे असेल तर त्याच्यासाठी वेगळी नवी सायकल घ्या; त्याला १२ गिअर आणि डिस्क मिळू द्या, आणि ही आपण कोपर स्टेशनपर्यंत, खाडीपर्यंत चालवा.

हे सगळे करण्यापूर्वी, एक पैसाही खर्च न करता, आज संध्याकाळी सीटपोस्ट (सीटची दांडी) हलतो का ते पाहा. पोलादी फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट वर्षानुवर्षे खाऱ्या, दमट हवेत राहिला की दोन धातू एकमेकांना खातात आणि पोस्ट फ्रेमशी एकजीव होतो. बोल्ट सैल करा, सीट दोन्ही हातांनी धरून पिळा. हलला तर पूर्ण बाहेर काढा, पुसा, ग्रीस लावून परत घाला आणि कामाला लागा. नाही हलला तर जोर लावून फ्रेम वाकवू नका. सायकल उलटी करून बॉटम ब्रॅकेटच्या बाजूने सीटच्या नळीत गंज सोडवणारे तेल सोडा, रोज थोडे, निदान आठवडाभर, आणि मग सायकल माझ्याकडे किंवा एखाद्या जुन्या फिटरकडे आणा. हातोडी घेऊन पुढे येणाऱ्याकडे देऊ नका.